उकिडवं बसून बघा, मग कपडे ठरवा

पत्राचा गोषवारा: पत्र लिहिणाऱ्या ताई ४३ वर्षांच्या, तालुक्याच्या गावात शिक्षिका. तिथल्या मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये महिला आणि मुलींसाठी तीन महिन्यांचा स्वसंरक्षणाचा वर्ग सुरू होतोय. आठवड्यातून तीन संध्याकाळी, दीड-दीड तास. ताई आणि त्यांची १४ वर्षांची मुलगी, दोघींनी नाव नोंदवलं आहे. प्रशिक्षकांनी फोनवर ‘सैल, आरामदायक कपडे घालून या’ एवढंच सांगितलं. ताई शाळेत रोज साडी नेसतात, सुट्टीला पंजाबी ड्रेस. ट्रॅक पँट कधी घातलेली नाही आणि ती घालून गावातून जायचं म्हणजे सासूबाई काय म्हणतील, ही धास्ती. मैत्रीण म्हणते, ‘प्रसंग येईल तेव्हा अंगावर साडीच असणार, मग सरावही साडीतच हवा.’ यजमानांचं मत असं की साडी नेसणाऱ्या बाईच्या वाटेला सहसा कोणी जात नाही, मुलीचे कपडे तेवढे सांभाळा. मुलीला काळी टाइट्स आणि आखूड टॉप हवाय. खेळाच्या दुकानदाराने दोघींसाठी कराटेचे पांढरे गणवेश बाजूला काढून ठेवलेत. मंगळसूत्र काढायला मन घेत नाही. ‘नेमकं काय घ्यावं, आणि पंजाबी ड्रेसवर भागेल का?’ असं त्या विचारतात.

ताई,

ते पांढरे गणवेश तूर्त घेऊ नका, दुकानदाराला तसं कळवून टाका. बाकीचं सावकाश बोलू.

आधी मैत्रिणीचा मुद्दा घेते. तो चुकीचा नाही, फक्त दोन महिने आधी आलाय. पहिल्या सहा-सात आठवड्यांत तुम्ही काय शिकणार? पाय किती अंतरावर ठेवून उभं राहायचं, कोणी मनगट धरलं तर त्याच्या अंगठ्याच्या बाजूने कसं सोडवायचं, मागून मिठी मारली तर वजन खाली कसं टाकायचं. आणि पडायचं कसं: हनुवटी छातीला लावून, पाठ गोल करून, हात बाजूला आपटून, डोकं जमिनीला लागू न देता. या सगळ्यात पाय नकळत मागे जातो. साडीत तोच पाय निऱ्यांच्या काठावर पडतो आणि पडायला शिकण्याआधीच आपण पडतो, तेही हात टेकून. हात टेकून पडणं हे मनगट मोडण्याचं अगदी नेहमीचं कारण आहे, आणि चाळिशीनंतर ते परवडत नाही. शिवाय खांद्यावरची पिन जोडीदार बाईच्या बोटात जाते, ते वेगळंच. म्हणून क्रम असा ठेवा: हालचाल अंगात बसेपर्यंत अडथळा नसलेले कपडे, आणि ती बसल्यावर मुद्दाम साडी. त्या साडीच्या तासाबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

यजमानांचं म्हणणं मात्र पटत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांत वर्षानुवर्षं एक गोष्ट दिसते: बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक गुन्ह्यांत आरोपी त्या बाईच्या ओळखीचा असतो. ओळखीतला माणूस साडी की टाइट्स हे बघून ठरवत नाही; ही बोलणार नाही, याची खात्री आहे का, ते बघतो. तेव्हा कपडे ‘सांभाळण्याचा’ विषय या वर्गापुरता बाजूला ठेवा. हॉलमध्ये कपड्यांकडून तीनच अपेक्षा असाव्यात. हालचाल अडू नये, आपल्याला लागू नये, आणि समोरचीला लागू नये. तिसरी बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

आता ‘सैल’ म्हणजे किती सैल? प्रशिक्षक हे सांगत नाहीत आणि पहिल्या दिवशी अर्ध्या बायका झुळझुळीत पलाझो घालून येतात. पलाझोत समोरचीच्या पायाचा अंगठा अडकतो, आणि गुडघा मारायला पाय उचलला की आपलाच पाय आपल्या घेरात येतो. फार सैल टी-शर्टमध्ये सोडवणूक करताना बोटं गुंततात. म्हणून एक माप लक्षात ठेवा: टी-शर्ट छातीच्या दोन्ही बाजूंना चिमटीत धरला तर प्रत्येक बाजूला दीड ते दोन इंच कापड हाती यावं, त्याहून जास्त नको. पँट घोट्याच्या हाडापाशी संपावी. टाचेखाली येणारी पँट म्हणजे हमखास घसरणं.

मापापेक्षा चाचणी खरी. दुकानाच्या ट्रायल रूममध्ये किंवा घरी, कपडा अंगावर घालून एवढं करा. टाचा टेकवून उकिडवं बसा. उभं राहून एकेक गुडघा बेंबीच्या उंचीपर्यंत उचला. एक लांब पाऊल पुढे टाकून मागचा गुडघा जमिनीला टेकवा. दोन्ही हात डोक्यावर सरळ करा, मग कोपर कानाजवळ नेऊन पुढे झटका. शेवटी पाठीवर झोपून गुडघे छातीशी घ्या आणि एका कुशीवर वळा. आसनात ओढ बसते का, मागून कंबर उतरते का, टी-शर्ट वर सरकून पोट उघडं पडतं का, बसल्यावर मांडीवरचं कापड ताणून आरपार दिसतं का, हे चारही बघा. आरशात स्वतःचं स्वतःला नीट दिसत नाही, मुलीला बघायला सांगा. पाचही हालचाली करताना हात एकदाही कपड्याकडे गेला नाही, तर तो कपडा चालेल.

पंजाबी ड्रेसवर भागेल का? अर्ध्यावर भागेल. जुन्या पद्धतीची, आसनाला कळी (दोन पायांच्या मधे जोडलेला कापडाचा चौकोनी तुकडा) घातलेली सुती सलवार या कामाला उत्तम असते, ट्रॅक पँटहून काकणभर सरसच. कारण कळीत आहे. कळी नसलेल्या पँटमध्ये चार शिवणी दोन पायांच्या मधोमध एकाच बिंदूवर येऊन मिळतात, पाय फाकला की सगळा ताण त्या बिंदूवर, आणि शिवण तिथेच उसवते. चौकोनी कळी तो ताण चार बाजूंना वाटते. कराटेच्या पँटमध्येही हीच कळी असते. मात्र सलवार पतियाळा पद्धतीची नको, चुडीदार तर नकोच, कारण तो गुडघ्याला आवळतो. मोहरीत पाय सहज जावा पण टाचेवरून खाली येऊ नये. नाडीची गाठ नेफ्याच्या आत खोचा. लोंबणाऱ्या नाडीत समोरचीचं बोट अडकतं.

शिवून घ्यायची असेल तर शिंप्याकडे पॉपलीन देऊ नका, ते लगेच फाटतं. मध्यम जाडीचं सुती ड्रिल घ्या, साधारण २०० ते २४० जीएसएमचं (म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन तेवढे ग्रॅम), आणि शिवायच्या आधी रात्रभर भिजवून वाळवा, म्हणजे आटायचं ते आधीच आटेल. कळी चार ते पाच इंच चौरस, सगळ्या शिवणी दुहेरी टिपेच्या, कमरेत एक-दीड इंची इलॅस्टिक आणि जोडीला नाडी. खिसे नकोत असं स्पष्ट सांगा, नाहीतर शिंपी सवयीने लावतो. खिशात अंगठा अडकला आणि त्याच क्षणी समोरची वळली, तर अंगठा मुरगळतो किंवा मोडतो. ब्राझिलियन जुजुत्सूच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत, गणवेशाविना होणाऱ्या लढतींच्या चड्ड्यांना खिसे नकोत किंवा असले तर पूर्ण शिवून बंद केलेले हवेत, बटणं आणि चेन चालणार नाही, असं लिहिलेलंच आहे. तयार ट्रॅक पँट घेतलीत तर खिशांना घरीच टीप मारून टाका, पाच मिनिटांचं काम आहे. पायाशी चेन असलेली पँट मात्र दुकानातच ठेवा. चेन स्वतःच्या घोट्याला टोचते आणि दुसरीच्या नडगीला ओरखडते.

भागत नाही तो कुर्ता. पाठीवर पडून वळताना तो तोंडावर येतो, आणि बाजूच्या चिरांमध्ये गुडघा किंवा हात जातो. त्याऐवजी टी-शर्ट: गोल गळा, व्ही नको, मागे हूड तर अजिबात नको. बाही कोपराच्या खाली यावी असं मी सुचवेन. जमिनीवरच्या सरावात कोपर मॅटवर घासतं, आणि त्या घासण्याची जखम घामाने दोन-दोन आठवडे चिघळते. कापड शंभर टक्के सुती की ड्राय-फिट, यावर दुकानदार तुमचं डोकं खाईल. सुती टी-शर्ट घाम शोषून जड होतो आणि पावसाळ्यात वाळत नाही; ड्राय-फिट लवकर वाळतो पण वास धरतो आणि ओढाताणीत त्याचे धागे निघतात. सुती-पॉलिएस्टर मिश्रणाचा, १८० जीएसएमच्या आसपासचा टी-शर्ट दोघींना पुरेल. गळ्याची ओढाताण होणारच, त्यामुळे महागाचा नको.

टी-शर्टमध्ये मागची बाजू झाकली जात नाही, ही तुमची अडचण पत्रात दोनदा आली आहे. मांडीच्या मध्यापर्यंत येणारा, बाजूला तीनेक इंच चीर असलेला लांब टी-शर्ट घ्या. आतून घट्ट बनियन किंवा स्लिप पँटमध्ये खोचा आणि पँटच्या आत सायकलिंग शॉर्ट्स घाला. मग वरचा टी-शर्ट कितीही सरकला तरी काही उघडं पडत नाही, आणि एकदा ते कळलं की मन हालचालीवर राहतं. रस्त्यावरून जाताना याच्यावर नेहमीचा सैल कुर्ता चढवा, हॉलमध्ये काढून पिशवीत टाका. आणि सासूबाईंबद्दल एक विचारू? तुमच्या एवढ्या लांब पत्रात त्यांचं स्वतःचं एकही वाक्य नाही. ‘काय म्हणतील’ आहे, ‘म्हणाल्या’ कुठेच नाही. वर्गाला नाव घातल्याचं त्यांना ठाऊक आहे, नातीलाही नेताय हे ठाऊक आहे. सलवार शिवायला टाकण्याआधी त्यांना कापड दाखवून बघा. हरकत आलीच, तर ती कशाला आहे ते तरी कळेल. पुष्कळदा ती कपड्यांना नसून संध्याकाळच्या स्वयंपाकाच्या वेळेला असते.

आतल्या कपड्यांवर दुकानात कोणी बोलत नाही, म्हणून इथे लिहिते. रोजची ब्रेसियर या वर्गाला चालत नाही. तार असेल तर ती मिठी सोडवताना बरगडीत रुतते, आणि मागचे हुक पाठीवर पडताना मणक्याला लागतात. स्पोर्ट्स ब्रा घ्या. आधार खालच्या पट्ट्याने मिळतो, खांद्यावरच्या पट्ट्यांनी नाही, म्हणून छातीखालचा घेर टेपने मोजून माप ठरवा. पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम जावीत. घालून जागेवर दहा उड्या मारा; पट्टा वर सरकला तर एक माप लहान बघा. डोक्यातून घालायच्या प्रकारात हुक नसतात हे चांगलं, पण घामाने ओली झाली की ती काढताना हात वर अडकतात, तेव्हा दुकानातच एकदा घालून-काढून बघा. फारच अडचण झाली तर मागे हुक असलेली पण हुकांखाली कापडाची रुंद पट्टी असलेली घ्या. मुलीलाही तिच्या मापाची स्वतंत्र घ्या, तुमची जुनी नको. पाळीच्या दिवसांत वर्ग बुडवायची गरज नाही. गडद पँट, आत सायकलिंग शॉर्ट्स, म्हणजे पॅड जागेवर राहतं. पाय फाकण्याच्या हालचालींत पॅड सरकतं ते आतून घट्ट कापड नसल्यामुळे. पोटावर दाब येणारा सराव त्या दिवशी नको वाटला तर प्रशिक्षकांना ‘आज हे नाही’ एवढं सांगणं पुरेसं आहे. कारण द्यावं लागत नाही.

आता मंगळसूत्र. ब्लाउजमध्ये किंवा टी-शर्टच्या आत टाकून चालेल का, असं तुम्ही विचारता. नाही. गळा दाबण्याच्या सरावात समोरचीचा हात नेमका त्यावर येतो. सोन्याची साखळी तुटली तर मणी मॅटभर विखुरतात आणि दुसऱ्यांच्या तळपायात जातात. न तुटली तर ती गळ्यात आवळते, आणि दुसरी शक्यता जास्त वाईट. काळ्या दोऱ्यात ओवलेलं छोटं मंगळसूत्रही याला अपवाद नाही, उलट चांगला दोरा साखळीपेक्षा चिवट असतो. घरातून निघतानाच काढून देवघरात किंवा कपाटात ठेवा. हॉलमधल्या पिशवीत नको, तिथे सगळ्या पिशव्या एका कोपऱ्यात बेवारस पडलेल्या असतात. दीड तासासाठी काढणं जड जात असेल तर ते मी हसण्यावारी नेणार नाही. पहिले काही दिवस जड जाईलच. पण हा निर्णय तुमच्या एकटीपुरता नाही, गळ्यावर हात ठेवणारी दुसरी बाईही त्यात आहे.

बाकी दागिन्यांत अंगठी सगळ्यात घातक. कपड्यात अडकून ओढली गेली तर बोटाची कातडी सोलून निघते, शस्त्रक्रियेपर्यंत जातं. ती निघत नसेल तर साबणाच्या पाण्याने आदल्या रात्री काढा. काचेच्या बांगड्या फुटतात हे सांगायला नकोच. प्लॅस्टिकच्याही फुटून टोकदार होतात. जोडवी मॅटच्या सांध्यात अडकतात. चमकी आणि कानातल्या कुड्या काढा. निघतच नसतील तर वर मेडिकलच्या दुकानातली कागदी चिकटपट्टी लावा, पण त्या दिवशी चेहऱ्याजवळचा सराव टाळा. केसांत क्लचर, बो पिन, आकडे काही नको. मागे पडताना क्लचर डोक्याच्या मागच्या हाडावर बसतो. खालच्या बाजूला घट्ट वेणी आणि कापडी रबर, बस्स. चष्मा लागत असेल तर मागे इलॅस्टिकचा पट्टा लावा, जवळच्या सरावात काढून ठेवा.

आता गणवेशाकडे. तो पांढरा पोशाख मुळात ज्युदोचा. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोदोकान ही ज्युदोची शाळा स्थापन केली. ज्युदोत समोरच्याचा अंगरखा धरूनच त्याला फेकतात, म्हणून तो जाड, खरखरीत विणीचा असतो. कराटेचे गुरू गिचिन फुनाकोशी यांनी १९२२ मध्ये ओकिनावाहून टोकियोला येऊन कराटेचं प्रात्यक्षिक दाखवलं, आणि पुढे कराटेने ज्युदोच्याच पोशाखाची हलकी आवृत्ती घेतली. हे सांगायचं कारण व्यवहाराचं आहे: कराटेचा हलका गणवेश ओढाताणीसाठी केलेलाच नाही. तुमच्या वर्गात तर गळा, बाही, खांदा सतत धरला जाणार. स्वस्तातल्या कराटे गणवेशाची बगल त्यात दुसऱ्या आठवड्यात फाटते. तीन महिन्यांच्या वर्गात पट्टे मिळत नाहीत, परीक्षा नसते. गणवेशाची गरज कुठेच येत नाही.

मुलीने पुढे कराटे चालू ठेवलं तर गणवेश घ्या, तोही तिच्या प्रशिक्षकांना विचारून, कारण प्रत्येक शैलीचा बिल्ला आणि कट वेगळा असतो. मापं उंचीवर असतात: जपानी पद्धतीत १५० सेंटिमीटरला २ नंबर, १६० ला ३, १७० ला ४. वाढत्या वयाची मुलगी आहे, शिवाय सुती गणवेश पहिल्या काही धुण्यांत ३ ते ५ टक्के आटतो, तेव्हा एक नंबर मोठा घेऊन बाही आतून दुमडून टाका घाला. शिकणाऱ्याला आठ औंसाचं कापड, म्हणजे सुमारे २७० जीएसएम, पुरेसं आहे. घालताना डावी बाजू उजवीच्या वर येते. उलटी घातली तर जपानी रिवाजात तो मृताचा पोशाख होतो, आणि जुने प्रशिक्षक त्यावरून चिडतात.

मुलीच्या टाइट्सना माझी हरकत नाही. अट एकच, उजेडात उकिडवं बसल्यावर कापड आरपार दिसू नये. पातळ लेगिंग्ज इथेच नापास होतात, जाड लायक्रा मिश्रणाच्या टाइट्स पास होतात. आखूड टॉप मात्र नको, आणि त्याचं कारण तिला खरं तेच सांगा: पाठीवर सरकत जमिनीवरून निसटण्याचा सराव असतो, त्यात उघडी पाठ मॅटवर सोलते. तिला ‘बरं दिसत नाही’ म्हणून सांगितलंत तर ती मानणार नाही, आणि तिचं बरोबर असेल. रंग तिला निवडू द्या.

कपडे ठरण्याआधी हॉलची फरशी बघून या, कारण पायात काय घालायचं हे तिच्यावर आहे. मॅट असेल तर अनवाणी. मोजे नकोत, मॅटवर ते घसरतात. स्वच्छतागृहात जायला वेगळ्या चपला न्या, तेच पाय मॅटवर आणू नका. मॅट नसून नुसती गुळगुळीत फरशी असेल तर सपाट तळाचे कॅनव्हासचे बूट घाला. धावायचे जाड टाचांचे बूट या कामाला चुकीचे आहेत. वळताना त्यांचा तळ फरशीला चिकटून राहतो, शरीर वळतं आणि मधे गुडघा पिळला जातो. आणि मॅट नसेल तर पडण्याचा सराव करू नका, प्रशिक्षक काहीही म्हणोत. सतरंजी ही मॅट नव्हे, ती फरशीवर सरकते. उभ्याच्या सरावाला २० ते २५ मिलिमीटरच्या जोडायच्या मॅट चालतात, फेकण्या-पडण्याला ४० मिलिमीटर लागतात. ही चौकशी पैसे भरण्याआधीच करायला हवी होती, पण अजूनही उशीर झालेला नाही.

आता साडीचा तास. सातव्या-आठव्या आठवड्यात प्रशिक्षकांना सांगून एक संध्याकाळ रोजच्या कपड्यांची ठेवा. जुनी साडी, निम्मा वेग, पडणं-फेकणं वर्ज्य, आणि तेवढ्यापुरत्या सगळ्या पिना काढलेल्या. त्या दिवशी पहिल्यांदा जे लक्षात येईल ते असं की कोणी पदराला हात घातला की आपला हात डोकं किंवा गळा वाचवायला जात नाही, पदराकडे जातो. ही सवय आपल्याला लहानपणापासून लावलेली आहे आणि ती एका तासात सुटत नाही. म्हणून पदर सुटू द्यायचा सराव करा, आत टी-शर्ट घालून का होईना. पदर ओढला तर मागे खेचू नका, त्या ओढाताणीत तोल तुमचाच जातो. ओढीच्या दिशेने एक पाऊल आत, तळहात समोरच्याच्या हनुवटीखाली, आणि आवाज. रोजच्या नेसण्यात खांद्याला चार पिना लावत असाल तर एकीवर या. चार पिनांचा पदर म्हणजे समोरच्याच्या हातातला पट्टा. एका पिनेचा पदर सुटतो, फाटतो, आणि तुम्ही मोकळ्या होता.

साडीत पाय कमी चालतात, हे मान्य करून हातांवर भर द्यावा लागतो. नऊवारीचा कासोटा दोन पाय वेगळे करतो, म्हणून ती शेतात आणि होडीवर चालते. सहावारीत दोन्ही पाय एकाच परकरात. परकर घेराचा, कळ्यांचा असेल तर पाऊल बरंच लांब पडतं. हल्लीचे अंगाला चिकटणारे ताणाचे परकर घालून एकदा जिना भराभर उतरून बघा, मग त्यांचं काय करायचं ते तुम्हीच ठरवाल. पळायचं झालं तर निऱ्या गुडघ्यापाशी एका मुठीत धरून वर उचला आणि कमरेला खोचा. ही कृती डोळे मिटून तीन सेकंदांत जमेपर्यंत घरी करा. लाथेपेक्षा ती जास्त कामाची आहे.

आणि हात चालायचे तर ब्लाउज चालायला हवा. खरा अडसर बहुतेक वेळा साडी नसतेच, ब्लाउज असतो. कोपर खांद्याच्या वर नेऊन बघा. बगलेत कापत असेल तर शिंप्याला ‘मुंढा (बाही जोडतात तो घेर) मोठा करा’ असं सांगू नका. मुंढा खोल गेला की हात उचलताना सबंध ब्लाउजच वर ओढला जातो. मुंढा बगलेजवळ, वर ठेवायला सांगा आणि बगलेत दोन इंचांची छोटी कळी घालायला सांगा. शाळेचे पुढचे दोन ब्लाउज असे शिवून घ्या.

पंजाबी ड्रेसच्या दिवशी ओढणी गळ्याभोवती गुंडाळून दोन्ही टोकं मागे सोडू नका. मागून ती दोरीसारखी धरता येते, आणि दुचाकीच्या चाकात अडकण्याचा धोका तर रोजचाच. एका खांद्यावर घ्या किंवा घरी ठेवा. शाळेचं ओळखपत्र गळ्यात घालत असाल तर त्याची फीत बदला. मानेमागे प्लॅस्टिकची क्लिप असलेली फीत जोरात ओढली की आपोआप सुटते. शाळेतल्या सगळ्याच शिक्षकांसाठी ती मागवा, वर्गात लहान मुलं लोंबकळतात तेव्हाही उपयोगी पडते.

दर तासानंतर कपडे त्याच रात्री धुवा, उलटे करून. पावसाळ्यात ओलसर कपडे पुन्हा घातले की मांडीत गजकर्ण होतं, आणि ते मॅटवरून सगळ्या वर्गात फिरतं. अंगावर असा चट्टा दिसला तर बरा होईपर्यंत जोडीचा सराव थांबवा. ड्राय-फिट कपड्यांना वासाचं कंडिशनर लावू नका, त्याचा थर बसून कापड घाम ओढेनासं होतं. आठवड्यातून तीन संध्याकाळी वर्ग आणि पावसाचे दिवस म्हणजे प्रत्येकीला दोन जोड हवेत. पहिल्या दिवसासाठी जुनी सलवार आणि मुलीचाच एखादा मोठा टी-शर्ट वापरा, दुसरा जोड पहिला आठवडा गेल्यावर घ्या. काय टोचतं, काय सरकतं ते तोवर कळलेलं असेल. आणि दोघी आदल्या रात्री नखं कापून कानशीने घासा, पायाचीसुद्धा.